एका बटणाची गाडी

“कुणाला शोधताय, बाई? नाव सांगा, कान धरून बाहेर आणतो.”

व्हिडिओ गेमच्या दुकानाचा मालक खुर्चीतून अर्धा उठलासुद्धा होता. इचलकरंजीच्या एस.टी. स्टँडसमोरचा तो अंधारा गाळा. दुपारी साडेबाराला आत बारा-पंधरा पोरं होती, आणि मला बघताच त्यातली निम्मी मागच्या दारानं पसार झाली. त्यात माझा विद्यार्थी एकही असणं शक्य नव्हतं. मी कन्या शाळेत गणित शिकवत होते.

मी म्हटलं, मी कुणालाच शोधत नाही, मला ती गाडी खेळायची आहे.

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या आलेखवहीकडे. मग मुकाट्यानं एक नाणं काढून मशीनमध्ये टाकलं आणि म्हणाला, “बसा. डावा पाय मोकळा ठेवा.”

पदर खोचून मी त्या लाकडी पेटीसमोरच्या बाकड्यावर बसले. हातात खरोखरीचं स्टिअरिंग, पायाखाली खरोखरीचा पेडल. पडद्यावर रस्ता माझ्या अंगावर धावून आला. वळणं, दोन्ही बाजूंना झाडं, लांबवर डोंगर. पहिल्या वेळी मी झाडावर गेले. दुसऱ्या वेळी पुन्हा झाडावर. तिसऱ्या वेळी मी पेडल दाबून नुसतं पाहत राहिले, आणि तेव्हा लक्षात आलं की माझी गाडी पुढे जातच नव्हती. ती पडद्याच्या मध्यावर होती तिथंच होती. पळत होता तो रस्ता. मी वहीत तेवढंच लिहिलं आणि उठले.

“हायस्कोअर नाही लागला,” मालक हळहळून म्हणाला.

मी तिथं का गेले ते सांगते. त्या वर्षी, म्हणजे सत्त्याऐंशी साली, सरकारी योजनेतून आमच्या शाळेला एक कॉम्प्युटर मिळाला होता. एकच. तो ठेवायला वेगळी खोली, खोलीला पडदा, चपला बाहेर काढायच्या आणि मशीनवर मुख्याध्यापिका देशिंगकर बाईंनी स्वतः भरतकाम केलेलं आच्छादन. प्रशिक्षणाला मी गेले होते म्हणून किल्ली माझ्याकडे. नववीतल्या पाच मुली शाळा सुटल्यावर थांबायच्या.

श्रावणात संस्थेचे सेक्रेटरी आण्णासाहेब शिक्षकांच्या सभेत म्हणाले की हा कॉम्प्युटर मुलांच्या हायस्कूलला हलवावा असा विचार आहे. तिथं त्याचा उपयोग होईल. इथं काय, मुली त्याच्यावर हळदीकुंकवाची यादी करणार का? सगळे हसले. देशिंगकर बाईसुद्धा, थोड्याशा. मी नाही हसले, पण बोललेही नाही. शेवटी एवढंच ठरलं की दसरा झाला की आण्णासाहेब येतील, मुलींनी काय केलंय ते बघतील आणि मग निर्णय देतील.

देशिंगकर बाईंनी मला सांगून टाकलं, मार्कांचा प्रोग्राम करा. नाव घातलं, सहा विषयांचे मार्क घातले की बेरीज आणि टक्के आले पाहिजेत. मी तो आठवड्यात करून घेतला. मुलींनी तो चालवून पाहिला आणि शमीम मुजावर म्हणाली, “बाई, तुम्ही हे कागदावर याच्यापेक्षा लवकर करता.”

खरं होतं ते.

शमीम पाचजणींतली सगळ्यांत शांत. तिचे वडील लायटिंगचं काम करायचे. लग्नं, उरूस आणि गावातल्या निम्म्या गणपती मंडळांची रोषणाई मुजावरांची. त्यांच्यासोबत स्टँडसमोर एका दुकानाचा बोर्ड लावायला ती गेली होती आणि शिडी धरून उभी असताना समोरच्या गाळ्यातली ती गाडी तिनं पाहिली होती. आत गेली नव्हती.

“मुलींना बंदी आहे असं लिहिलंय का तिथं?” मी विचारलं.

“लिहिलेलं नाही, बाई. पण बघतात.”

मग म्हणाली, “ती गाडी आपल्या मशीनवर चालवून दाखवली तर मशीन नेतील का हो ते?”

म्हणून मी गेले होते.

आता त्या पेटीत काय होतं आणि आमच्याकडे काय होतं हे मुलींना समजावून देणं भाग होतं. मी फळ्यावर चौकटी आखल्या. म्हटलं, आपल्या मशीनची मेमरी म्हणजे बत्तीस हजार चौकटींची वही. रंगीत चित्र काढलं की वीस हजार चौकटी तिथंच संपल्या. काही मशीन स्वतःकडे ठेवतं. आपल्या हातात उरतात पाच-सहा हजार. तेवढ्यात रस्ता, गाडी, समोरून येणारी वाहनं आणि सगळी हुशारी बसवायची. त्या पेटीत नुसत्या झाडांनासुद्धा याच्यापेक्षा जास्त जागा असेल.

“मग झाडं नको,” एकजण म्हणाली. झाडं गेली. डोंगर गेले. समोरून येणाऱ्या छान छान मोटारी गेल्या. त्यांच्या जागी उसाचा ट्रॅक्टर आला, कारण तो चौकोनांतून काढता येतो आणि बघितल्याबरोबर ओळखू येतो.

रस्ता काढायला मी मुलींना नदीकडच्या सरळ रस्त्यावर नेलं. पेन्सिल हात लांब करून डोळ्यासमोर धरायची आणि टेलिफोनचे खांब मोजायचे. पहिला खांब पेन्सिलीएवढा, दुप्पट लांबचा अर्धी पेन्सिल, तिप्पट लांबचा तिसरा हिस्सा. समरूप त्रिकोण मी अकरा वर्षं फळ्यावर शिकवत होते. एवढ्या शांतपणे ते कुणी शिकलं नव्हतं.

पण रस्ता पळेना. एक चित्र पुसायचं, जरा पुढचं काढायचं, ते पुसायचं. एका चित्राला अकरा सेकंद लागत होते. मुली हात जोडून पडद्यासमोर बसायच्या आणि रस्ता वरून खाली सावकाश रंगत यायचा. तीन आठवडे आम्ही दोन-दोन सेकंद वाचवत होतो. गणपती आले तेव्हा सात सेकंदांवर होतो.

शाळेसमोरच्या मंडळाची रोषणाई शमीमच्या वडिलांची होती. संध्याकाळी सहाला दिवे लागले तेव्हा आम्ही खिडकीशी चहा पीत होतो. कमानीवरून लाल दिवे सरसर वर धावत होते. शमीम बराच वेळ बघत राहिली, आणि आपल्या वडिलांचंच काम पहिल्यांदा बघावं तशी म्हणाली, “बाई, ह्यातला एकही दिवा हलत नाही.”

“म्हणजे?”

“सगळे जागच्या जागी. अब्बा फक्त पाळी बदलतात. आधी पहिला पेटतो, मग दुसरा, मग तिसरा. आपल्याला वाटतं पळतोय.” ती माझ्याकडे वळली. “आपण रस्ता कशाला पुसतोय?”

मी कप तसाच खिडकीत ठेवला.

आमच्या मशीनवर रंगांना नंबर असत. एक म्हणजे हिरवा, दोन म्हणजे पांढरा, असं आपण सांगायचं. आणि मध्येच सांगितलं की आता एक म्हणजे पांढरा नि दोन म्हणजे हिरवा, तर पडद्यावर जिथं जिथं एक नंबर आहे ते सगळं त्या क्षणी पांढरं होई. चित्र पुन्हा काढायला नको. हे मला पुस्तकात वाचून माहीत होतं. मी ते निरुपयोगी समजून सोडून दिलं होतं.

रस्ता एकदाच काढला. रस्त्यावरच्या आडव्या पट्ट्यांना पाळीपाळीनं नंबर दिले, आणि मग फक्त नंबरांचे रंग फिरवत राहिलो. पहिल्यांदा तो पळाला तेव्हा मुली मागे सरकल्या.

उणीव एकच राहिली. रस्ता पट्टीसारखा सरळ. वळण बसवायला जागा उरली नव्हती. डावीकडे न्यायला झेडचं बटण, उजवीकडे न्यायला एक्सचं, ट्रॅक्टर चुकवायचे, एवढंच. पण गाडी चालत होती. मुलींना ती येत होती आणि मला कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की मशीन आता कुठं जात नाही.

दसऱ्यानंतरच्या शनिवारी आण्णासाहेब आले. अकराला येणार होते. साडेदहाला मी खोली उघडली आणि दारातच थांबले. आच्छादन मागे दुमडलेलं, त्यावर झेंडूची माळ, मशीनला हळदकुंकवाची बोटं, कीबोर्डवर फूल आणि सगळीकडे अक्षता.

शिपाई तातोबामामा अभिमानानं पुढं आले. खंडेनवमीला त्यांनी दर वर्षीप्रमाणे घंटा, सायकल, शिवणयंत्रं, प्रयोगशाळेतला तराजू, सगळ्याची पूजा केली होती. ऑफिसातल्या जादा किल्लीनं ही खोलीही उघडली होती. “आणि हे राहून कसं चालंल, बाई? शाळेतलं सगळ्यांत मोठं हत्यार हेच की.”

आम्ही फूल काढलं, ओल्या रुमालानं हळद पुसली, अक्षता वेचल्या. मशीन सुरू झालं. टेपवरून प्रोग्राम चढला. शमीमनं गाडी डावीकडे नेली, उजवीकडे नेता येईना. एक्सचं बटण खाली जातच नव्हतं. काहीतरी आत अडकलं होतं. मशीन उघडायची परवानगी नव्हती, वर सील होतं. मी बटणाच्या कडेनं नख घालून पाहिलं, टाचणी घालून पाहिलं. वीस मिनिटं उरली होती.

मी म्हटलं, मार्कांचा प्रोग्राम चढवा.

“नको,” शमीम म्हणाली.

मला उलट बोलायची तिची ती पहिली वेळ. तिलाही ते जाणवलं असावं, कारण तिनं मान खाली घातली, पण थांबली नाही. “मिरवणुकीत एक सर्किट गेलं तर अब्बा मिरवणूक थांबवत नाहीत, बाई. उरलेल्यावर चालवतात.”

“उजवीकडे न नेता गाडी कशी चालवशील?”

“उजवीकडे आपण न्यायचीच नाही. तिची ती जाऊ दे. अब्बांची सायकल तशीच आहे, हँडल एका बाजूला ओढतं. मी दुसऱ्या बाजूला दाबून धरते. सोडलं की जाते.”

बाकीच्या चौघी आधीच वही उघडून ती ओळ शोधत होत्या. एक्स टाइप होत नव्हता आणि गाडीची जागा सांगणारं अक्षरही तेच असल्यानं तो अर्ध्या ओळींत होता, पण पडद्यावर दिसणाऱ्या जुन्या ओळीतलं अक्षर उचलून नव्या ओळीत आणायची एक सोय त्या मशीनला होती. पुस्तकाच्या मागच्या पानात कुठंतरी दिलेली. मुलींना ती पाठ होती. त्यांनी उजव्या बटणाच्या ओळी काढल्या आणि एकच घातली: प्रत्येक फेरीला गाडी आपोआप थोडी उजवीकडे.

चालवून पाहिली, आणि आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. गाडी बाहेर ओढली जाऊ लागल्याबरोबर तो पट्टीसारखा सरळ रस्ता डावीकडे वळल्यासारखा वाटायला लागला. दोन महिने जे वळण बसत नव्हतं ते एक बटण गेल्यावर बसलं.

आण्णासाहेब आले. सोबत देशिंगकर बाई आणि हायस्कूलचे विज्ञानाचे पोवार सर. चपला बाहेर काढून तिघं आत आले. मी गाडी दाखवली. मार्क कुठं आहेत, असं देशिंगकर बाईंनी डोळ्यांनी विचारलं. मी तिकडे पाहिलं नाही.

शमीमनं दोन मिनिटं चालवून दाखवली. मग आण्णासाहेबांनी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि स्वतः बसले. पहिल्याच ट्रॅक्टरवर आदळले. दुसऱ्यांदा तसंच.

“उजवीकडं कशी न्यायची?” त्यांनी विचारलं.

“सोडून द्यायचं,” शमीम म्हणाली. “बोट उचला. जाते ती.”

ते पुन्हा बसले. पुन्हा. देशिंगकर बाई दोन्ही पायांवर आलटून पालटून उभ्या राहिल्या. पंधरा मिनिटांनी ते उठले, टोपी नीट घातली आणि मुलींना म्हणाले, छान केलंय. मग माझ्याकडे वळून त्याच आवाजात म्हणाले की एवढं चांगलं मशीन खेळात वाया जाऊ नये. सोमवारी हायस्कूलला पाठवून द्या.

“आण्णासाहेब,” मी म्हटलं, “मार्कांचा प्रोग्राम दाखवला असता तर?”

ते प्रामाणिक गृहस्थ होते. क्षणभर विचार करून म्हणाले, “तर म्हणालो असतो, बेरजेसाठी कॉम्प्युटर कशाला?”

“म्हणजे काहीही दाखवलं असतं तरी.”

“चौगुले बाई,” देशिंगकर बाई म्हणाल्या.

ते गेले. एक मुलगी रडायला लागली. शमीम रडली नाही. तिनं टेप काढून डबीत घातली, वहीवर तारीख घातली आणि चपला घालून निघून गेली.

सोमवारी सकाळी तातोबामामांनी हातगाडी आणली. मशीन खोक्यात घालण्याआधी शमीम आली आणि शेवटचं पुसून घेऊ का म्हणून विचारलं. मी तिला खोलीत सोडून सुतळी आणायला गेले. परत आले तेव्हा ती रुमालाची घडी घालत होती. हातगाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत पाचही जणी पायरीवर उभ्या होत्या. कुणी टाटा केला नाही.

दिवाळीची सुट्टी झाली. मी समरूप त्रिकोण फळ्यावर शिकवू लागले. मुली शाळा सुटली की घरी जाऊ लागल्या.

मार्गशीर्ष लागता लागता हायस्कूलकडून पत्र आलं, पोवार सरांच्या सहीचं. सदर संगणकाचा कीबोर्ड मुळातच सदोष असून एक अक्षर अजिबात उमटत नाही, त्यामुळे पुस्तकातला एकही प्रोग्राम पूर्ण टाइप करता येत नाही. सील असल्यामुळे उघडता येत नाही. दुरुस्तीचा माणूस कधी येईल हे कळत नाही. हायस्कूलसाठी नव्या संगणकाची मागणी केली आहे, तरी जुना परत न्यावा. खाली आण्णासाहेबांचा शेरा होता: कन्या शाळेस चालत असल्यास तेथे ठेवावा.

देशिंगकर बाईंनी ते पत्र मला वाचून दाखवलं, दोनदा. मग चष्मा काढून विचारलं, “चालेल ना हो तुम्हाला?”

मी म्हटलं, चालवून घेऊ.

आता इतक्या वर्षांनी सांगायला हरकत नाही. आण्णासाहेब येऊन गेले त्या शनिवारी सगळे गेल्यावर मी एकटी त्या खोलीत बसले होते. केसांतला आकडा काढला, सरळ केला, त्याचं टोक वाकवलं आणि एक्सच्या बटणाखाली घातला. टाचणीनं जे झालं नव्हतं ते झालं. कुंकवानं लाल झालेली एक अक्षता बाहेर आली. बटण दाबून पाहिलं. एक्स उमटला. कितीतरी एक्स उमटले.

खोटं बोलायचं नाही, कुणाला फसवायचं नाही, हे मी वर्गात सांगत आले होते आणि पुढेही सांगत राहिले. ती अक्षता तळहातावर घेऊन मी पाच-दहा मिनिटं बसले असेन. मग ती होती तिथं परत ठेवली, आणि आकड्यानं नीट आत सारली.

मशीन परत आलं त्या दुपारी पाचही जणी थांबल्या होत्या. चौघी मशीनला पडद्याचा टीव्ही जोडत होत्या. मी शमीमला जवळ बोलावलं, डोक्यातला आकडा काढला आणि तिच्यादेखत बटणाखाली घातला. मला वाटलं, तिला आज कळू दे आपली बाई कशी आहे ते.

लाल अक्षता बाहेर आली. बटण तरीही खाली जाईना. मी पुन्हा आकडा घातला.

दुसरा दाणा निघाला. पांढरा. डब्यातल्या तांदळाचा असतो तसा, कुंकवाचा ठिपकासुद्धा नसलेला.

मी लाल ठेवली होती. पांढरा दाणा मी ठेवला नव्हता.

दोन्ही माझ्या तळहातावर शेजारी शेजारी पडले होते. शमीम त्यांच्याकडे बघत होती. मग तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मी तिच्याकडे. आम्ही दोघीही पकडल्या गेलो होतो आणि एकमेकींना रागवायला दोघींपैकी कुणीच मोकळं नव्हतं.

“एक पुरला असता,” मी म्हटलं.

“अब्बा वायरीचा जोड नेहमी डबल मारतात, बाई.”

ती खुर्चीवर बसली. टेप लावली. ती करकरत चढत होती तेवढ्या वेळात तिनं एक्सचं बटण दोनतीनदा दाबून पाहिलं. ते आता लोण्यासारखं खाली जात होतं.

“उजवीकडचं परत घालायचं का?” मी विचारलं. “आता चालतंय.”

पडद्यावर रस्ता सुरू झाला. गाडी बाहेर ओढू लागली. शमीमनं डावं बोट बटणावर ठेवलं आणि उजवा हात मांडीवर.

“नको,” ती म्हणाली. “आता ही आपली आहे.”